सूक्ष्मतरंग संकलित मंडले, अल्पखर्ची

सु. १ ते ३०० गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या विद्युत् चुंबकीय तरंगांवर कार्य करणारे विवर्धक, गाळण्या इ. घटक एकाच लहान आधारपट्टावर तयार करून बनविलेली मंडले. पूर्वी या कामी धातूच्या पोकळ तरंगमार्गदर्शक नळ्या लागत. त्या जड असून प्रत्येक नळी यंत्रावर अचूक घडवून घ्यावी लागे.

लष्करी साधनांत किंमतीचा प्रश्न विशेष तीव्र होतो. आधुनिक रडारच्या आकाशकात शेकडो, कधी हजारो प्रेषक-ग्राही घटक असतात व एका मंडलावरील जादा खर्च तितक्या पटींनी वाढतो. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८७–९५ या काळात एकाश्म म्हणजे सर्व घटक एकाच स्फटिकात असलेली गॅलियम आर्सेनाइडची मंडले स्वस्त करण्याचा कार्यक्रम राबविला. त्याचा लाभ पुढे मोबाइल दूरध्वनीसही झाला. भारतात अशी मंडले हैदराबाद येथे तयार होतात.

एकाश्म मंडलांचा कारखाना मात्र अतिशय खर्चिक असतो. त्या मानाने जाड पटलाचे तंत्र साधे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) भौतिकी विभागात विजया पुरी व त्यांचे सहकारी यांनी या तंत्राने बनविलेल्या मंडलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. यात ॲल्युमिनाच्या पट्टावर चांदीचा लेप बारीक जाळीतून छापतात व तो सु. ७०० ते ८५०° से. तापमानास भाजतात; कापडावरील छपाईचीच ही रीत म्हणता येईल. १० गिगॅहर्ट्‌झला विद्युत् प्रवाह चांदीच्या पृष्ठालगतच्या सु. ०·६ मायक्रोमीटर थरातूनच मुख्यत्वे वाहतो, तर छापलेला थर त्याच्या अनेक पट जाड असतो. म्हणून जाडी पुरेशी असते. खरी हानी खडबडीत पृष्ठ व अस्पष्ट कडा यांमुळे होते. या कंप्रतेस मंडलातील तरंगलांबी जेमतेम १२ मिमी. असल्याने छपाईतील अल्प चूकही अनुस्पंदन कंप्रता सरकविते.

अशा वेळी नवे मंडल न छापता त्यावर फेराइट वा अन्य अपारकाचा थर ठेवून गुणधर्म बदलता येतात. कोल्हापूर येथील संशोधनाचा हा महत्त्वाचा भाग होय. लष्करी वापरासाठी धक्के, तापमान व आर्द्रता यांच्या कसोट्या याखेरीज पार कराव्या लागतात. उघड्या मंडलावर ओलावा साचल्यास त्याचे कार्य बिघडते. पाण्याचा अपारक स्थिरांक मोठा असल्याने धान्यातील ओलावा मोजण्यास मात्र हाच परिणाम उपयोगी पडतो.