काळ्या मातीतला काऊबॉय

‘बोनान्झा’ या अमेरिकन मालिकेत कार्टराइट नावाचे एक कुटुंब आहे. विधुर बाप, तीन बायकांपासून झालेले तीन मुलगे आणि नेवाडातल्या टाहो तळ्याकाठची अफाट जहागीर. मालिका १२ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, जानेवारी १९७३मध्ये संपली. भाग झाले ४३१. सुरुवातीची दोन-तीन वर्षे सोडली, तर या मंडळींनी कपडे म्हणून बदलले नाहीत. थोरला अ‍ॅडम नखशिखांत काळा. मधला हॉस, अंगाने बैलासारखा दणकट, डोक्यावर उंच पांढरी हॅट. धाकटा जो कायम हिरव्या जाकिटात. यामागे गरिबी नव्हती, निर्मात्याचा हिशेब होता. कपडे तेच ठेवले की घोडे दौडवतानाचे एकदा घेतलेले चित्रण दहा भागांत खपवता येते आणि पडणे-झडणे करणारा बदली गडीही ओळखू येत नाही.

हिशेब कंपनीचा, पण त्यातून झाले भलतेच. कपडे ही त्या माणसांची ओळख होऊन बसली. हिरवे जाकीट घातले की झाला लिटल जो. पडद्यावरचे सोंग उचलून रस्त्यावर आणायला आणखी काय लागते?

टीव्हीवरच्या वेस्टर्नचा तो भरभराटीचा काळ होता. ‘गनस्मोक’ १९५५ला सुरू झाली ती वीस वर्षे चालली. ६३५ भागांत जेम्स अर्नेसचा मार्शल मॅट डिलन डॉज सिटीची राखण करीत राहिला. पहिल्या भागाची ओळख करून द्यायला खुद्द जॉन वेन आला होता. ‘लोन रेंजर’ त्याच्याही आधीचा, १९४९चा. ‘रॉहाइड’मध्ये क्लिंट ईस्टवुड नावाचा सडपातळ पोरगा गुरांचे कळप हाकत होता. १९५०चे दशक संपता संपता अमेरिकेत संध्याकाळी कुठलेही बटण फिरवा, टापांचा आवाज यायचाच. ‘बोनान्झा’ रंगीत काढली यातही व्यापार होता: ती दाखवणाऱ्या एनबीसीची मालक कंपनी आरसीए, आणि आरसीएला रंगीत टीव्ही विकायचे होते.

आमच्या परभणीला यातले काहीच दिसत नव्हते. मुंबई दूरदर्शनच २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले आणि तेही मुंबईपुरते. आमच्याकडे काऊबॉय आला तो थिएटरातून. ‘मॅकेनाज गोल्ड’ १९६९चा. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, सोन्याची दरी आणि आभाळातून घिरट्या घालणारे गिधाड. अमेरिकेत तो फारसा चालला नाही, भारतात मात्र अनेक वर्षे पुन्हा पुन्हा लागत राहिला. इंग्रजीचे एक वाक्य न कळता तो तीन-तीनदा पाहिलेली माणसे आमच्या मागच्या पिढीत भेटत. कळायचे काय असते म्हणा! सोने, घोडे आणि कोसळणारा कडा; एवढ्याला दुभाषा लागत नाही.

आमची दुसरी खिडकी हैदराबादच्या बाजूला उघडणारी. १९५६पर्यंत परभणी हैदराबाद राज्यातला जिल्हा. सिकंदराबाद–मनमाड रेल्वेने पोटापाण्याला, औषधपाण्याला, लग्नाच्या खरेदीला लोक तिकडे जात, अजूनही जातात. त्या तेलुगू मुलुखात १९७१ साली ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ आला. के. एस. आर. दास दिग्दर्शक, कृष्णा नायक. भारतीय मातीतला पहिला पुरता काऊबॉयपट म्हणून त्याचे नाव घेतात. हॅट, पट्टा, राजस्थानची वाळू, सगळे बैजवार. हिंदीत हा झेंडा फिरोज खानने खांद्यावर घेतला. ‘खोटे सिक्के’ १९७४चा, ‘काला सोना’ १९७५चा. अभिनयाचे सोडा, पण हॅट घालून घोड्यावर बसायचे कसे हे हिंदी पडद्यावर त्याच्याइतके कोणाला साधले नाही, असे माझे मत आहे. धर्मेंद्र घोड्यावर बसला तरी शेतावर निघाल्यासारखाच दिसतो. त्यातही गोडवा आहे, पण ते वेगळे.

आणि मग १५ ऑगस्ट १९७५, ‘शोले’. त्याचे मूळ कुठे आहे हे पाहायचे तर सर्जिओ लिओनीचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) लावावा. सुरुवातीला एक ओसाड स्टेशन, लाकडी फलाट, करकरणारी पवनचक्की आणि गाडीची वाट पाहणारे तिघे मारेकरी. वूडी स्ट्रोड पाण्याच्या टाकीखाली उभा राहतो. टक्कल केलेल्या डोक्यावर थेंब पडतो. तो बाजूला सरत नाही, हॅट घालतो. थेंब आता हॅटवर पडू लागतात, टप, टप. जॅक एलमच्या चेहऱ्यावर माशी बसते, त्याच्या दाढीच्या खुंटांतून फिरते. तो हात हलवत नाही, फुंकर मारतो. माशी भिंतीवर जाते, तेव्हा पिस्तुलाची नळी तिच्यावर टेकवून तिला आत कोंडतो आणि नळी कानाला लावून तिची भुणभुण ऐकत बसतो. दहाएक मिनिटे एवढेच चालते. गाडी येते. स्ट्रोड हॅट काढून तिच्या काठात साठलेले पाणी पितो. गाडी निघते, तिच्या पलीकडून माऊथ ऑर्गन वाजतो आणि चार्ल्स ब्रॉन्सन दिसतो.

आता ‘शोले’तला जय आठवा, संध्याकाळी पायरीवर बसून माऊथ ऑर्गन वाजवणारा. ठाकूरच्या घरातले हत्याकांडही लिओनीच्याच चित्रपटातल्या मॅकबेन कुटुंबावरून आलेले. सलीम-जावेदनी उचलले खरे, पण लिओनीने तरी काय, अमेरिकेतली गोष्ट इटलीत शिजवून स्पेनच्या अल्मेरियात तिचे चित्रण केले होते. रमेश सिप्पींनी तीच कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत नेली आणि आगगाडीचा हल्ला पनवेलजवळच्या रुळांवर घेतला. गब्बर डाकू, म्हणून त्याला धोतर घालायचा विचार होता. शेवटी अमजद खानसाठी लष्करी कपडे मुंबईच्या चोरबाजारातून आणले. जुन्या बाजारातल्या त्या कपड्यांत अमजद खान उभा राहिला आणि चंबळच्या डाकूचे रूढ चित्र बाजूला पडले.

लिओनीचे ते स्टेशन परदेशी वाटत नाही, याला कारण आमची स्टेशने. परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी लागते, मिरखेल लागते. दोन्ही बाजूंना काळे रान, दुपारी फलाटावर कडुनिंबाखाली दोन कुत्री आणि एक म्हातारा. एप्रिलमध्ये तिथे गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. माशीसुद्धा ओळखीची वाटते.

टीव्हीवर आमच्या पिढीला वेस्टर्न भेटला तो केबल आल्यावर. १९९५पासून एकाच वाहिनीवर दिवसा कार्टून नेटवर्क आणि रात्री टीएनटी अशी वाटणी होती. पोरांची टॉम अँड जेरी संपली की एमजीएमच्या जुन्या चित्रपटांचा सिंह गुरगुरायचा. घरातले झोपलेले, आवाज बारीक केलेला, भारनियमनाची टांगती तलवार. अशात किती चित्रपटांचे शेवट हुकले असतील! नायक गल्लीच्या टोकाला उभा राहायचा, हात पट्ट्याजवळ जायचा आणि लाईट जायची. आता तो वनवास संपला. ‘बोनान्झा’चे सुरुवातीचे काही भाग हक्कमुक्त झालेत, ते मोबाईलवर कुठेही सापडतात. नव्याची आवड असणाऱ्यांना ‘यलोस्टोन’ आहे.

पण बघून भागत नाही, घालावेसे वाटते. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. खऱ्या काऊबॉयचे जिणे रुबाबाचे नव्हते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर, १८६६पासून पुढची वीसेक वर्षे, टेक्सासमधली गुरे उत्तरेला कॅन्सासमधल्या रेल्वेपर्यंत हाकत न्यावी लागत. अडीच-तीन हजार जनावरांचा कळप, त्यामागे दहा-बारा गडी, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चाल. महिन्याला २५ ते ४० डॉलर. धूळ, अतिसार, नदीचे पूर. त्यांतला साधारण चौथा गडी कृष्णवर्णीय होता असे अभ्यासक मानतात. दोर, खोगीर आणि बरीचशी विद्या मेक्सिकन गुराख्यांकडून आलेली. जोसेफ ग्लिडनने १८७४ला काटेरी तारेचे पेटंट घेतले, रानांना कुंपणे पडली, रेल्वे दक्षिणेत पोचली आणि १८८६-८७च्या हिवाळ्यात लाखो जनावरे गारठून मेली. धंदा आटोपला.

तो आटोपत असतानाच, १८८३ला, बफेलो बिल कोडी याने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ काढला होता. घोडे, बंदुका, झालरीचे जाकीट, भली मोठी हॅट, आणि तिकीट. हा तमाशा युरोपभर फिरला, व्हिक्टोरिया राणीनेही पाहिला. आपल्या डोळ्यांसमोर येणारा काऊबॉय निम्मा तिथे शिवलेला आहे. पुढे १९०३च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’पासून सिनेमाने उरलेला शिवला. म्हणजे गुरे राखणाऱ्याचे कपडे घातल्याचे सोंग आपण घेत नाही. सोंगाचेच सोंग घेतो. त्यामुळे ‘तुझा काय संबंध?’ हा प्रश्न परभणीकराला विचारायचा असेल, तर तो आधी हॉलिवूडला विचारावा.

संबंध तसा आहेही. लेव्ही स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस या शिंप्याने २० मे १८७३ रोजी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचे पेटंट घेतले. ही जीन मुळात कामगाराची, खाणीतली. तिचे डेनिम कापसाचे. आणि कापूस म्हटले की आमच्या जिल्ह्यातले सेलू, मानवत. दिवाळीनंतर जिनिंगसमोर लागलेल्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या की हे वेगळे सांगावे लागत नाही. गुरांचे म्हणाल तर आपली लाल कंधारी, गडद विटकरी रंगाची, कामाला चिवट. तिच्यामागे दिवसभर चालणाऱ्या गुराख्याच्या अंगावर मात्र मळका सदरा आणि डोईला टॉवेल असतो. त्याच्यावर मालिका निघाली नाही. शेजारच्या कंधारला तिथले नेते केशवराव धोंडगे यांनी गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले, एवढाच काय तो मान.

सोंगाचे म्हणाल, तर ते आमच्या भागाच्या अंगवळणी पडलेले आहे. रायरंद, म्हणजे बहुरूपी, दारात इन्स्पेक्टर होऊन यायचा, काठी आपटायचा, घरमालकावर अशक्य आरोप ठेवायचा आणि पोरे आत पळायची. मग आई हसत सुपातून जोंधळे घालायची. त्याला कोणी तोतया म्हणाले नाही. २ फेब्रुवारीपासून परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, तिकडे नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा. अशा जत्रांतल्या फोटोवाल्याकडे रंगवलेल्या पडद्यासमोर पुठ्ठ्याची मोटारसायकल, काळा गॉगल, लाकडी पिस्तूल आणि कडा वळलेली हॅट ही सामग्री ठरलेली. नवी नवरी शेजारी बसलेली आणि नवरदेव हॅट घालून कॅमेऱ्याकडे रागाने बघतोय, असे फोटो कित्येक घरांच्या भिंतींवर होते. मोबाईल आला आणि ती दुकाने गेली. हौस गेली नाही, ती रीलवर आली.

माळेगावची यात्रा ही या हौशीसाठी खरी जागा. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा एवढा मोठा बाजार मराठवाड्यात दुसरा नाही. घोड्याचे दात पाहणारा, रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवणारा व्यापारी तिथे चार-चार जनावरे दोरीने धरून उभा असतो. त्याच्यासमोर हॅट घालून गेलात तर तो हसणार नाही. गिऱ्हाईक आहात का, एवढेच बघेल. आणि घोड्यावर बसायला येते का ते एका नजरेत ओळखेल, म्हणून तेवढे आधी शिकून जावे.

पोशाखाचे दोन शब्द. फेल्टची हॅट परभणीच्या मे महिन्यात घालू नये. पारा ४३-४४ला जातो आणि डोके भाकरीच्या तव्यावर ठेवल्यासारखे होते. गवताची, रुंद काठाची घ्यावी. जॉन स्टेटसनने १८६५ला बाजारात आणलेली ती प्रसिद्ध हॅटही साधी, सपाट काठाची होती. काठ वळवणे नंतरचे. गळ्याला रेशमी रुमाल नको, सुती मोठी दस्ती बरी, घामही पुसता येतो. टाचेचे बूट पक्क्या रस्त्यावर ठीक; पाऊस झाल्यावर काळ्या रानात उतरलात तर प्रत्येक पायाला दोन-दोन किलो चिखल घेऊन परत याल. हिवाळ्यात ईस्टवुडची फॅशन करायची असेल तर धनगराकडची घोंगडी खांद्यावरून टाकावी. लिओनीने त्याला घेऊन केलेल्या तिन्ही चित्रपटांत त्याने एकच पोंचो वापरला. तोंडातला चिरूट मात्र त्याचा नव्हे, भूमिकेचा. हा गृहस्थ सिगारेटही ओढत नसे. तेव्हा त्याचे अनुकरण तोंड रिकामे ठेवूनही होते.

पिस्तूल घरी ठेवावे, खेळण्यातलेसुद्धा. हल्ली ते इतके हुबेहूब मिळते की बसस्टँडवर कोणीतरी पोलिसांना फोन करणारच, आणि तो रायरंदाच्या काठीइतका हसण्यावारी जाणार नाही. यात काऊबॉयपणाला कमीपणाही नाही. मॅट डिलनच्या डॉज सिटीत, खऱ्या डॉज सिटीत, १८७०च्या दशकात भर रस्त्यावर फलक होता की गावात हत्यार बाळगण्यास सक्त मनाई आहे. टूमस्टोन गावात २६ ऑक्टोबर १८८१ला ओके कोरलजवळ झालेली ती सुप्रसिद्ध चकमकही, तिथले पोलीस असलेले अर्प बंधू गावातली हत्यारबंदी लागू करायला निघाले तेव्हा पेटली. आलेला पाहुणा आपली बंदूक तबेल्यात किंवा गुत्त्यात जमा करायचा आणि मग हॅट सरळ करून बाजारात फिरायचा.