ऑनलाइन वर्गातील चर्चा : आधी लेखी, मग तोंडी

ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सभेचे नियम भगवान बुद्धांच्या भिक्खू संघात पाळले जात होते, याची आठवण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत करून दिली. संघात महत्त्वाचा ठराव तीन वेळा मांडला जाई; सर्वजण शांत राहिले तर संमती धरली जाई. ऑनलाइन वर्गात मात्र शांततेला संमती समजू नये. कोणाचे नेटवर्क गेलेले असते, तर कोणाच्या घरचा मोबाईल वडिलांबरोबर कंपनीत गेलेला असतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कामगार कुटुंबांपुढे हाच प्रश्न होता. मोबाईल एक, शिकणारी मुले दोन-तीन आणि कंपनीच्या पाळ्या तीन. तोंडी तास ठरल्या वेळी सुरू होऊन संपतो. लेखी चर्चा थांबून राहते. पहिल्या पाळीहून वडील दुपारी परतले की मुलगी सकाळच्या प्रश्नावर आपले मत लिहू शकते.

गूगल क्लासरूममध्ये शिक्षकाला प्रश्न टाकता येतो. एकमेकांना उत्तर देण्याची मुभा ठेवली, तरी स्वतःचे उत्तर पाठविल्याखेरीज विद्यार्थ्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. व्हॉट्सॲप गटावर तसे नाही. पहिले उत्तर पडले की ‘मलाही असेच वाटते’ अशी रांग लागते! तेथे उत्तरे आधी शिक्षकांच्या नंबरवर मागवावीत व सर्व आल्यावर गटावर एकदम टाकावीत.

प्रश्न मात्र चर्चेजोगा हवा. ‘संविधान कधी लागू झाले?’ याला उत्तर एकच, २६ जानेवारी १९५०. तेथे चर्चा कसली? ‘एकाच कामाला कायम व कंत्राटी कामगारास वेगळा पगार असावा का?’ असे विचारा. आपल्या भागातील प्रत्येक मुलाला घरचे काही सांगता येईल.

यानंतर गूगल मीटवर अर्धा तास पुरे. शिक्षकांनी दोन विरुद्ध मतांची उत्तरे निवडून त्या विद्यार्थ्यांना प्रथम बोलते करावे. लिहिलेले समोर असले की बुजरे मूलही बोलते. कॅमेऱ्याची सक्ती नको. एका खोलीच्या घरात मागे आई स्वयंपाक करीत असते. ज्यांना त्या वेळी येता येत नाही, त्यांनी आपले म्हणणे व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवावे व शिक्षकांनी ते वर्गाला ऐकवावे.

ज्या विहारात वाय-फाय आहे, तेथील कार्यकर्त्यांनी सायंकाळी दोन तास ते विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवावे. दुसऱ्या पाळीचा मोबाईल रात्री बाराला घरी येतो.