पहिलीच खेळी बी४

बुद्धिबळ क्लबातल्या स्पर्धेत पांढरी मोहरी मिळाली की बहुतेक जण ई४ किंवा डी४ खेळतात. समोरच्याच्या पहिल्या आठ-दहा खेळ्याही पाठच असतात. त्याला सुरुवातीलाच विचारात पाडायचं असेल, तर बी४ शिकण्यासारखी आहे. तिला मोठं पाठांतर लागत नाही. त्यामागचा एक सौदा तेवढा नीट समजून घ्यावा लागतो.

या सुरुवातीचं टोपणनाव ‘ओरांगउटान’. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेदरम्यान बुद्धिबळपटू साव्हिएली टार्टाकोवर प्राणिसंग्रहालयात जाऊन सुझान नावाच्या ओरांगउटानाला भेटून आला आणि मग प्रतिस्पर्धी मारोत्सीविरुद्ध हीच खेळी खेळला. पुढे अलेक्सेई सोकोल्स्की यांनी १९६३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून ‘सोकोल्स्की’ हेही नाव रुळलं.

आता पट मांडा. उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी आपल्याकडून १ ते ८. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की झाली बी४.

दुसरी खेळी उंट बी२. आता हा उंट ए१ ते एच८ या लांब तिरक्या रेषेवर बसला. पटाच्या मधल्या ई५ घरावर त्याची नजर आहे आणि त्याच रेषेवर पुढे जी७चं प्यादं आणि एच८चा हत्ती आहे. पुढचा सगळा डाव या रेषेभोवती फिरतो.

काळ्याचं सर्वांत सरळ उत्तर म्हणजे पहिल्या खेळीला ई५ आणि उंट बी२ला उंट घेतो बी४. प्यादं गेलं म्हणून घाबरू नका. आपणही उंटाने ई५चं प्यादं घ्या. हाच तो सौदा: कडेकडचं प्यादं दिलं आणि मधलं घेतलं. पटाच्या मध्यासाठी आता आपल्याकडे डी आणि ई अशी दोन प्यादी उरली, काळ्याकडे एकच.

सौद्याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. आपला एकच उंट दोनदा हलला. जी७ वाचवायला काळा घोडा एफ६वर आणतो आणि लगेच किल्लेकोट करायला मोकळा होतो. (किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती यांना एकाच खेळीत हलवून राजाला आडोशाला नेणं.)

इथे पहिली हमखास चूक होते. उंटाने एफ६चा घोडा मारता येतो, म्हणून मारून टाकला जातो. मग काळ्याचा वजीर एफ६वर येतो आणि आपलीच लांब रेषा उलटते: त्याचा नेम थेट ए१च्या हत्तीवर. सी३ खेळून हत्ती वाचवावा, तर बी४चा उंट सी५वर जातो आणि वजीर-उंट मिळून एफ२वर मात द्यायला टपतात. तेव्हा हा उंट जपा. त्याच्यावर हल्ला झाला तर बी२वर परत न्या.

दुसरी चूक आणखी गमतीची. मध्य काबीज करायचा म्हणून हात डी२च्या प्याद्याकडे जातो आणि ते हलवताच येत नाही! बी४चा काळा उंट, डी२चं प्यादं आणि ई१चा राजा एकाच रेषेत आहेत. प्यादं हललं तर राजाला शह बसेल, म्हणून ती खेळीच नियमबाह्य. अशा प्याद्याला ‘बांधलेलं’ म्हणतात. म्हणून क्रम असा ठेवा: घोडा एफ३, प्यादं ई३, उंट ई२, किल्लेकोट. राजा ई१वरून निघाला की गाठ आपोआप सुटते. त्यानंतर सी४ किंवा डी४.

काळा प्रत्येक वेळी ई५ खेळेलच असं नाही. त्याने घोडा एफ६ आणि मग ई६ खेळलं, तर सावध व्हा. ई६ दिसायला साधी, पण तिने एफ८च्या उंटाची वाट मोकळी होते आणि बी४चं प्यादं माराखाली येतं. बी५ खेळून ते पुढे काढा. बी५वरचं प्यादं सी६ घरावर पहारा ठेवतं, त्यामुळे काळ्याच्या दुसऱ्या घोड्याला नेहमीची जागा मिळत नाही.

सी६, मग वजीर बी६, हेही उत्तर लक्षात ठेवा. आपण ए३ने बी४ राखलं की काळा ए५ टाकतो. बी४ने ए५ मारलं तर वजिरावरही हल्ला होतो, म्हणून मोह पडतो. पण बी पट्टी रिकामी झालेली असते आणि वजीर सरळ बी२चा उंट उचलतो. तिथे मारामारी न करता सी४ खेळा.

सराव कसा करायचा? मित्राबरोबर दहा डाव या एकाच सुरुवातीने खेळा. प्रत्येक डावात आठव्या खेळीला थांबून तीन प्रश्न विचारा: किल्लेकोट झाला का? लांब रेषेवरचा उंट शाबूत आहे का? डी प्यादं मोकळं आहे का? एखाद्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढच्या खेळ्यांत आधी तेच काम उरका.

बी४ने आपोआप वरचष्मा मिळत नाही. काळा नीट खेळला तर डाव बरोबरीत राहतो. क्लबात तोच प्रतिस्पर्धी पुढच्या महिन्यात पुन्हा समोर येतो आणि तोवर त्याने घरी बी४ पाहिलेली असते. त्या दिवशी नवलाई कामाला येत नाही. तेव्हा हे तीन प्रश्नच कामाला येतात.