इंग्रजीतला नकार पायात असतो!

इअरफोन लावलेत ना? मग चला.

'नो' म्हणायला सगळ्यांनाच येतं, पण मनात नसताना माणूस जे जे करतो, त्यासाठी इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत. गंमत म्हणजे त्यातले बरेच पायांवरून आलेत.

पहिला, ड्रॅग युअर फीट. पाय ओढत चालणं. म्हणजे आपली चालढकल. तोंडाने 'हो, करतो की' म्हणायचं आणि काम पुढे ढकलत राहायचं.

दुसरा, गेट कोल्ड फीट. आधी होकार दिला, तारीख ठरली आणि ऐन वेळी धीर सुटला. इथे कारण भीती.

तिसरा, डिग युअर हील्स इन. टाचा जमिनीत रोवणं. कोणी कितीही ओढलं तरी जागचं हलायचं नाही. यात थोडा हट्टीपणाचा वासही येतो.

चौथा, पुट युअर फुट डाऊन. 'बस्स, हे चालणार नाही' असं ठामपणे, अधिकाराने सांगणं.

आता हे पाठ कशाला करायचं? तर आपल्या नकाराला समोरचा कोणता शब्द लावतो, यावर बरंच अवलंबून असतं. समजा, रविवारी कामावर येणार नाही, हे तुम्ही सोमवारीच सांगितलंय. शुक्रवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, 'व्हाय आर यू ड्रॅगिंग युअर फीट?' म्हणजे तुमचा स्पष्ट नकार एका वाक्यात आळस होऊन बसला! अर्थ कळला नाही तर आपण 'सॉरी सर' म्हणून मोकळे होतो. कळला तर शांतपणे म्हणता येतं, 'आय'म नॉट ड्रॅगिंग माय फीट, सर. आय सेड नो ऑन मंडे.'

आणि मुळात नकार कसा द्यायचा? तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

सौम्यपणे: 'आय'ड रादर नॉट.' नको, राहू दे.

मन तयार नसेल तर: 'आय'म रिलक्टंट टू साइन धिस.' रिलक्टंटच्या मुळाशी कुस्ती खेळणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. आतल्या आत झुंज चाललीय, पण दार अजून बंद झालेलं नाही.

उघड विरोध असेल तर: 'आय ऑब्जेक्ट टू वर्किंग ऑन संडेज.' इथे 'टू'नंतर 'वर्क' नाही, 'वर्किंग' येतं. हे बऱ्याच जणांचं चुकतं.

एक मात्र सांभाळा. पक्कं 'नाही' असेल तर रिलक्टंट म्हणू नका. समोरच्याला वाटतं, अजून थोडा आग्रह केला की हा तयार होईल. मग आग्रह सुरूच राहतो.

आज झोपायच्या आधी या तिन्ही पायऱ्यांचं एकेक वाक्य मोठ्याने बोलून बघा. भेटू पुढच्या भागात!