बलवान खेळाडूची भीति

समजा, पनवेलच्या एखाद्या सभागृहांत रविवारची खुली बुद्धिबळ-स्पर्धा चालू आहे. नाशिकच्या विदित गुजराथी यांनीं २०१७ सालीं २७०० रेटिंगची पायरी ओलांडली. तशाच तोडीचा एक खेळाडू एका पटावर बसला आहे. समोर २००० रेटिंगचा बारा वर्षांचा मुलगा. पाहणारे म्हणतील, यांत पाहावयाचें तें काय? निकाल ठरलेलाच! पण या दोघांत धास्ती कोणाला अधिक, असें मला विचाराल तर मी बलवानाकडेच बोट दाखवीन.

मिल्वॉकी येथील मार्केट विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनीं ही रेटिंगची पद्धति बसविली आणि आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघानें ती १९७० सालीं स्वीकारली. खेळाडूनें किती डाव जिंकले एवढेंच ती पाहत नाहीं. अपेक्षेपेक्षां अधिक जिंकले कीं उणे, हें पाहते. अपेक्षा ठरते ती दोघांच्या रेटिंगमधील अंतरावरून. अंतर ४०० असलें तर बलवानानें शंभरांपैकीं ९२ डावांची कमाई करावी (बरोबरी म्हणजे अर्धा डाव). अंतर ७०० असलें तर ९९ डावांची.

आतां हिशेब पाहा. एकदां २४०० गांठलेल्या खेळाडूच्या बाबतींत अपेक्षा व प्रत्यक्ष फळ यांतील फरकास दहानें गुणतात. आमच्या पटावरील अंतर ७०० आहे. मुलाला हरविलें तर या थोर खेळाडूच्या पदरांत पडतो एक दशांश गुण. बरोबरी झाली तर जातात ४.९. एका बरोबरीची भरपाई करावयास एकोणपन्नास विजय हवेत! अशा व्यवहाराला कोणता शहाणा मनुष्य बसेल?

म्हणूनच महासंघानें एक सवलत ठेविली : अंतर ४०० हून कितीहि अधिक असो, तें ४००च धरावयाचें. मग विजयास ०.८ मिळतो, बरोबरीस ४.२ जातात. हाहि सौदा फारसा उदार नाहीं. पांच विजयांनींहि एका बरोबरीचें नुकसान भरून येत नाहीं. २०२२ सालीं ही सवलत एका स्पर्धेंत एकाच डावापुरती आंखडली आणि २०२४ सालीं पुनः सर्व डावांना दिली.

पण सवलतीला दुसरीहि बाजू आहे. फार दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशींच खेळत राहिलें तर ०.८ चे थेंब साचत जातात. २०२५ सालीं अमेरिकेचे हिकारू नाकामुरा लुइझियाना व आयोवा येथील छोट्या स्पर्धांत उतरले. त्यांना वर्षाच्या डावांची ठरीव संख्या पुरी करावयाची होती व नियमानें तसें करण्यास मुभा होती. तरी चर्चा व्हावयाची ती झालीच. त्याच वर्षीं १ ऑक्टोबरपासून २६५० व त्यावरील खेळाडूंची सवलत काढून घेण्यांत आली. तेव्हां आमचा पनवेलचा काल्पनिक पाहुणा आतां एक दशांशासाठींच खेळेल. मुलाची सवलत मात्र कायम आहे. शिवाय अठरा वर्षांखालील मुलांचा गुणक, रेटिंग २३०० च्या आंत असेतों, चाळीस असतो. बरोबरी साधली तर त्याला १६.८ गुण मिळतील.

या सर्व गणितांत एक गृहीत दडलेलें आहे : प्रत्येकाचें रेटिंग खरें आहे. माझी शंका नेमकी तेथेंच आहे. रेटिंग हें कालच्या डावांचें असतें, आणि मूल आज खेळत असतें. नागपूरच्या दिव्या देशमुख २०२५ मध्यें बाटुमी येथील महिला विश्वचषकांत पंधराव्या मानांकनानें उतरल्या आणि चषक घेऊन परतल्या. तो कोष्टक करणाऱ्यांचा दोष नव्हे. परंतु आपल्याकडील खुल्या स्पर्धांत असा ‘दुबळा’ प्रतिस्पर्धी कोणत्या पटावर बसला आहे, तें आधीं कळत नाहीं. २६५० ची मर्यादा मोजक्याच थोरांना लागू होते. जिल्ह्याच्या ठिकाणीं खेळावयास येतात ते २३००-२४०० चे खेळाडू, बहुधा शिकविणारेच. त्यांची सवलत राहिली, हें मला योग्य वाटतें. तीहि गेली असती, तर त्यांपैकीं पुष्कळजण पनवेलची गाडी धरण्यापूर्वीं दोनदां विचार करते आणि त्या बारा वर्षांच्या मुलासमोर बसावयास कोणी उरलें नसतें.