दहा मिनिटांचा हिशेब

मोटार जितकी पिटाळावी तितका वेळ वांचतो, हा समज इतका रूढ झाला आहे कीं, त्याविषयीं शंका घेणारा मनुष्य जुन्या काळाचा ठरावयाचा. आम्ही वयानें जुन्या काळाचे आहोंतच; तेव्हां तो आक्षेप पत्करून या समजाचा हिशेब येथें मांडतों. त्याला शाळेंतील त्रैराशिकापलीकडे कांहीं लागत नाहीं. घरांतील मुलामुलींनींहि कागद-पेन्सिल घेऊन तो पडताळून पाहावा.

पुण्या-मुंबईचाच रस्ता घेऊं. कारण आमच्या बहुतेक वाचकांच्या घरचें कोणी ना कोणी त्यावरून वरचेवर जात-येत असतें. २००२ सालीं पुरा झालेला यशवंतराव चव्हाण द्रुतगति मार्ग सुमारें ९४.५ किलोमीटर लांबीचा आहे. घाटाचा भाग वगळतां मोटारींना त्यावर ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. वाटेंत घाट नाहीं, मालमोटारी नाहींत, असें क्षणभर धरूं. म्हणजे घाई करणाऱ्याच्या सोयीचेंच सर्व धरूं. शंभराच्या वेगानें हें अंतर ५७ मिनिटांत संपेल, आणि कायदा मोडून एकशेंवीसनें हांकल्यास ४७ मिनिटांत. कमाई काय ती दहा मिनिटांची, आणि तीहि कागदावरची! प्रत्यक्षांत बोरघाटांत मालमोटारींची रांग लागली कीं दोघेहि एकाच पंगतीला बसतात. पुन्हां दादरहून सदाशिव पेठेंत येणाराचा प्रवास दीडशें किलोमीटरांच्या घरांतला. शीव, चेंबूर, वाशी ओलांडतांना आणि इकडे पुण्यांत शिरतांना किती वेळ मोडतो, हें आम्ही सांगावयास नको.

आतां मुख्य गोष्ट. दहा किलोमीटरांचें अंतर आहे. ताशीं २० च्या वेगानें त्यास अर्धा तास लागतो, ४० नें पाव तास; म्हणजे वेग विसानें वाढवितांच १५ मिनिटें वांचलीं. आणखी वीस वाढवून ६० करा. वांचतात ५ मिनिटें. ८० वरून १०० वर जा, दीड मिनिट. १०० वरून १२० वर जा, एकच मिनिट. वीस ते वीसच, पण त्यांचें मोल असें आटत जातें; कारण वेळ वेगाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. माणसाच्या मनाला मात्र हें सरळ प्रमाण वाटतें. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हीच चूक दाखविली आहे: वेग मुळांत अधिक असतां तो वाढविल्यानें वांचणारा वेळ आपण फुगवून धरतों, आणि कमी वेगांतून वर येतांना वांचणारा वेळ कमी लेखतों. मोकळ्या रस्त्यावर जीव धोक्यांत घालून जें मिळतें, त्याहून अधिक पहांटे लौकर निघून शहरांतील गर्दी चुकविल्यानें मिळतें, याचें कारण हेंच.

वर्गांत आम्ही एक उदाहरण घालीत असूं. साठ किलोमीटरांपैकीं पहिले तीस ताशीं ३० च्या वेगानें गेलों. तर सबंध प्रवासाचा सरासरी वेग ६० पडण्यास उरलेले तीस कोणत्या वेगानें जावें? ‘नव्वद’ असें उत्तर मोठ्या आत्मविश्वासानें येई. पण साठ किलोमीटरांस साठच्या वेगानें एक तास मिळतो, आणि तो तर पहिल्या अर्ध्या वाटेंतच खर्ची पडला. उरलेलें अंतर शून्य वेळांत काटावयाचें, तर तेथें मनोजव मारुतीचाहि इलाज चालणार नाहीं. गर्दींत गेलेला वेळ मोकळ्या रस्त्यावर भरून काढूं म्हणणारांनीं हें गणित एकदां सोडवावें.

दुसरी भूल रांगा बदलण्याची. शेजारची रांग नेहमीं आपल्याहून पुढें सरकते असें कोणाला वाटत नाहीं? रेडेलमायर व टिब्शिरानी या कॅनडांतील दोघां संशोधकांनीं १९९९ सालीं ‘नेचर’ पत्रांत याची उकल केली. दोन्ही रांगांचा सरासरी वेग एकच असला तरी आपण पुढें जातों तेव्हां अनेक गाड्या झटकन् मागें पडतात. त्या पुढें जातात तेव्हां एकेक करून सावकाश जातात. शिवाय मागें टाकलेली गाडी दृष्टीआड होते, पुढें गेलेली डोळ्यांसमोर खुपत राहाते. एवढ्या भासापायीं मनुष्य डावी-उजवी करीत सुटतो आणि मागच्यांस करकचून ब्रेक लावावयास भाग पाडतो. घाटांत भोंगा वाजवीत आमच्या पुढें गेलेल्या एका गाडीचें दर्शन आम्हांस चेंबूरच्या सिग्नलला, अगदीं शेजारींच, पुन्हां घडलें. चालकानें आमच्याकडे पाहिलें नाहीं.

जमेची बाजू अशी; खर्चाची मात्र वेगाच्या वर्गानें वाढते. १०० चे १२० केले कीं वेग पांचव्या हिश्शानें वाढतो, पण आघाताची शक्ति आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारें अंतर शेंकडा ४४ नें. शिवाय पाय ब्रेकवर पडेपर्यंत जें एक सेकंद जातें, तेवढ्यांत गाडी ३३ मीटर पुढें गेलेली असते.

तरीहि सारा दोष चालकांवर टाकावा असें आम्हांस वाटत नाहीं. पानें मांडून ठेवून दर अर्ध्या तासानें ‘कुठवर आलांत?’ म्हणून फोन करणारे आपणच असतों. मुहूर्त, आरती, भाऊबीजेची ओंवाळणी, सगळ्यांचा तगादा त्या चालविणाऱ्या मुलाच्या कानाशीं. आणि तो बिचारा एका हातानें फोन सांभाळीत उत्तर देतो. आमच्या घरीं गेल्या दिवाळीपासून निघतांना एक फोन आणि पोंचल्यावर एक, एवढेंच ठरलें आहे. मधल्या वेळांत कोणी फोन करावयाचा नाहीं, आजींनींहि नाहीं. उशीर झाला तर पानें पुन्हां वाढतां येतात.