सतरा सप्टेंबरचा एक फ्लेक्स

सतरा सप्टेंबरला जाफराबादेत फ्लेक्सला तोटा नसतो. १९४८ साली याच तारखेला निजामाचं राज्य संपलं, म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन, शाळांची प्रभातफेरी, आणि बसस्टँडपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हात जोडून उभे असलेले आजी, माजी आणि भावी. प्रत्यक्ष लढलेल्यांना या फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात जेमतेम जागा मिळते.

२०२४ ला या गर्दीत एक फ्लेक्स असा दिसला की ज्याच्यावर कुणीच हात जोडलेले नव्हते. हवाई दलाच्या गणवेशातला एक तरुण, खाली नाव : फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. त्याखाली तारीख : १७ सप्टेंबर २००१. हा माणूस ना जाफराबादचा, ना जालना जिल्ह्याचा. घर पुण्याचं, मरण राजस्थानात सुरतगडला. पूर्णा आणि खेळणेच्या संगमावरच्या या गावानं त्याला का आठवावं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. चौकशी केली तेव्हा कळलं की दहावीच्या शिकवण्या घेणारे एक सर दरवर्षी स्वतःच्या खिशातून तो लावतात. म्हणून पुढच्या वर्षी, मुक्तिदिनाच्या आधी, तो फ्लेक्स जिथं छापतात त्या दुकानात जाऊन बसलो.

दुकान म्हणजे पत्र्याचा गाळा. अर्धा मशीननं अडवलेला, उरलेल्यात एक संगणक, एक कूलर आणि भिंतीला टेकवलेले फ्लेक्सचे रोल. आत पाऊल टाकलं की शाईचा वास येतो. थिनरसारखा उग्र, आधी नाकात आणि मग कपाळात. सर म्हणूनच दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मशीन चालवणारा पोरगा चोविशी-पंचविशीतला. त्याला विचारलं, त्रास होत नाही का? तो म्हणाला, “सुरुवातीला व्हायचा. आता मला वासच येत नाही. घरी आई म्हणते, शर्ट बाहेर काढून ये.”

गणपती नुकतेच गेलेले, नवरात्र तोंडावर, मधे मुक्तिदिन. मोबाइल सारखा वाजत होता. रोल चढवणं, हेड साफ करणं, रंगाची पट्टी काढून बघणं ही कामं तो बोलता बोलता उरकतो. त्याचं डोकं लागतं ते डिझाइनला, आणि तेही फार नाही. संगणकात ‘श्रद्धांजली’ नावाचं फोल्डर आहे. पणतीचा साचा, हाराचा साचा, ढगांचा साचा. जवानासाठी वेगळा : तिरंगा, उलटी बंदूक, वर हेल्मेट, आकाशात तीन विमानं. फोटो बदलायचा, नाव बदलायचं, “कोटी कोटी प्रणाम” तसंच ठेवायचं. पाच मिनिटांचं काम.

त्यानं फाइल उघडली, गणवेशातला फोटो साच्यात बसवला. तेवढ्यात सरांसोबत आलेला दहावीतला मुलगा मागून म्हणाला, “दादा, हे विमान चुकलंय. हे सुखोई आहे, त्यांचं मिग-२१ होतं.”

“विमान विमानच असतं ना भाऊ.”

“नाही ना. याला दोन इंजिनं आहेत. मिग-२१ ला एकच. आणि त्याचं नाक बघा, समोरून उघडं असतं, मधे सुळका. हवा तिथूनच आत जाते.”

दादानं मान वर केली, पोराकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं शोधायला लागला. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. चुकून लागलेलं सुखोई काय आणि शोधायला घेतलेलं मिग-२१ काय, दोन्ही नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात जोडली गेली. आपल्याच राज्यात बांधलेल्या विमानाची ओळख पटवायला इथं दहावीतल्या पोराची गरज पडली.

हा मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसणार आहे. मराठी मुलं सैन्यात अधिकारी म्हणून फार कमी जातात, या खंतीतून राज्य सरकारनं १९७७ साली ती काढली. सर या परीक्षेची तयारी करून घेतात, आणि याच मुलांसाठी हा फ्लेक्स लावतात. पण त्यांची पद्धत जरा तिरपी आहे. शौर्याच्या गोष्टी सांगून ते मुलांना चेतवत नाहीत. ते गणित घालतात. एप्रिल २०१२ पर्यंत भारतानं घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली, टक्केवारी काढा. आकडा सरांचा नाही, तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलेला. उत्तर येतं ५५ टक्क्यांच्या वर. १७१ वैमानिक गेले, शिवाय जमिनीवरचे ३९ सामान्य नागरिक. “८७२ पैकी ४८२,” सर म्हणाले. थोड्या वेळानं चहा आला तेव्हा पुन्हा म्हणाले, “४८२.”

म्हणजे हे विमानच वाईट, असं त्यांना म्हणायचं असेल, असा माझा समज झाला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘उडती शवपेटी’ म्हणायला सुरुवात केली त्यालाही जमाना झाला. पण सर त्या शब्दांवर चिडतात. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणारी विमानं हीच होती. १९६३ पासून हवाई दलाचा मोठा भार या विमानानं वाहिला, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला त्याला निरोप दिला तेव्हा जुने वैमानिक जिव्हाळ्यानंच बोलत होते. सरांचा राग आहे तो मधल्या रिकाम्या पायरीवर. पोरं किरणसारख्या सौम्य, हळू विमानावर शिकायची आणि तिथून थेट ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगानं धावपट्टीला टेकणाऱ्या मिग-२१ वर बसायची. मधे एक प्रगत प्रशिक्षण विमान हवं, हे ला फोंटेन समितीनं १९८२ सालीच सांगितलं होतं. ते विमान, ब्रिटिश बनावटीचं हॉक, विकत घ्यायचा करार झाला २००४ ला. हवाई दलात दाखल झालं २००८ ला. सव्वीस वर्षं. एक मूल जन्माला येऊन, शिकून, वैमानिक होऊन मरायलाही पुरतील इतकी.

अभिजितचं मरण त्या सव्वीस वर्षांच्या आतलं. त्याच्या अपघाताचं कारण हेच, असा दावा सर करत नाहीत, मीही करत नाही. रात्रीचं सरावाचं उड्डाण होतं. वाळवंटातल्या अंधाऱ्या रात्री खाली दिवे नसतात, क्षितिज दिसत नाही, आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव बेलाशक खोटं सांगतो. विमान कलतंय की सरळ आहे ते फक्त काटे बघून ओळखायचं. उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात विमान कोसळलं. वय तिशीच्या आत. पुढची गोष्ट त्याच्या आईची. कविता गाडगीळ यांनी मुलाच्या अपघातामागचं खरं काय ते बाहेर यावं म्हणून झगडा मांडला. त्याला यश यायला काही वर्षं लागली. त्यांनी आणि त्यांचे पती अनिल गाडगीळ यांनी पुण्यात मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी संस्था उभी केली, सिम्युलेटरवर तरुणांना उड्डाणाचे धडे द्यायला घेतले. २००६ च्या जानेवारीत ‘रंग दे बसंती’ आला तेव्हा माधवननं केलेल्या वैमानिकात त्यांना आपला मुलगा दिसला. तो सिनेमा प्रदर्शनाआधी संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि तिन्ही दलांच्या प्रमुखांना दाखवावा लागला होता, हे आज कुणाच्या लक्षातही नसेल.

मुलगा गेल्यावर त्याचा फोटो भिंतीवर लावणं सगळेच करतात. या बाईंनी प्रश्न विचारले. मला तर तीच खरी श्रद्धांजली वाटते, आणि ती कुठल्याही साच्यात बसत नाही. दादाच्या फोल्डरमध्ये ‘शूर’, ‘धैर्यशील’, ‘भारतमातेचा सुपुत्र’ यांना तयार जागा आहे. माणूस कशानं मेला याला नाही.

सरांनी ती जागा करायला लावली. कागदावर त्यांनी मजकूर लिहून आणला होता : रात्रीचं सरावाचं उड्डाण, सुरतगड. ८७२ पैकी ४८२.

दादा म्हणाला, “सर, सहा बाय चारच्या फ्लेक्सवर एवढं बसवलं तर अक्षर बारीक होतं. गाडीवरून जाणाऱ्याला वाचता येत नाही. आणि आकडा कामून टाकता? लोकांना कळणार नाही.”

“नाही कळला तर विचारतील.”

“कुणाला? खाली तुमचं नावही नाही.”

यावर सरांकडे उत्तर नव्हतं. नाव टाकायला ते तयार नाहीत. एका वर्षी एका कार्यकर्त्यानं सगळा खर्च देऊ केला होता, फक्त कोपऱ्यात त्याचा फोटो हवा होता. सर नको म्हणाले. दादाला तो अजूनही शुद्ध वेडेपणा वाटतो, आणि त्यानं तो हिशेब आम्हाला फुटाच्या भावासकट ऐकवला. शेवटी ‘कोटी कोटी प्रणाम’ काढलं, ढग काढले, तिरंग्याची पट्टी अर्धी केली. आकड्याला जागा झाली.

मशीन सुरू झालं. हेड इकडून तिकडे सरकतं, दर खेपेला बोटभर चित्र पुढे येतं. आधी विमानाचं शेपूट, मग पंख, मग ते उघडं नाक. ओल्या शाईचा वास आता बाहेर सरांपर्यंत गेला, त्यांनी रुमाल लावला. मुलगा मात्र मशीनला चिकटून उभा होता. छापून झालेला भाग दादानं पंख्याखाली धरला, कडा दुमडून चिकटवल्या, कोपऱ्यांना रिंगा ठोकल्या. ठोकता ठोकता थांबून म्हणाला, “सर, मघाशी वैमानिक किती म्हणलात?”

“१७१. तेही २०१२ पर्यंतचे.”

त्यानं हातोडी खाली ठेवली आणि संगणकाचा कॅल्क्युलेटर उघडला. तीन रकाने, एका रकान्यात सत्तावन्न नावं. दोन इंचाचं अक्षर धरलं तर एकशे चौदा इंच. “साडेनऊ फूट,” तो म्हणाला. “वर मथळा धरून अकरा. एका फ्लेक्सवर सगळे बसतात. नावं पाठवा, टाइप मी करतो, डिझाइनचे पैसे नको. फक्त फ्लेक्सचे द्या.”

सरांकडे नावं नव्हती, आकडाच होता. मुलानं वहीच्या मागच्या पानावर १ पासून अंक टाकायला सुरुवात केली आणि पहिल्यापुढे अभिजित गाडगीळ लिहिलं.